पाचारण की पळवाट?

"मॅडम, हे खरं असतं का हो?"

वसईकडच्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की फोनवरच्या पहिल्या सुस्काऱ्यातच तो ओळखू येतो. देवाचं बोलावणं, म्हणजे पाचारण, आलंय असं सांगून मुलगी सिस्टर (धर्मभगिनी) व्हायचं म्हणते, मुलगा दूरच्या मिशनवर जायचं म्हणतो. घर भाविकच असतं. संध्याकाळची रोजरी चुकत नाही, रविवारचा ख्रिस्तयाग चुकत नाही. तरी पोटचं पोर सगळं सोडून निघालं, की त्याच भक्तीची धास्ती वाटू लागते.

सुझानची आई अशीच आली (नाव, तपशील बदलले आहेत). मुलगी २४ वर्षांची, नर्स. ठरलेलं लग्न मोडून आठ महिने झालेले, आणि आता ती कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींकडे जायचं म्हणत होती. "हे पाचारण नाही मॅडम, त्या पोराचं दुःख आहे. तुम्ही समजवा तिला."

समजावण्याचं काम मी घेत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. श्रद्धेचा जोर मोजून ती खरी की खोटी हे कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती माणसाला रोजच्या जगण्यात कुठे नेते, ते बघावं.

सुझान बोलकी होती. पहिल्या तीन भेटी संत गोन्सालो गार्सियांवरच गेल्या. वसईत जन्मलेले, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारल्या गेलेल्या २६ जणांतले एक. मी विचारलं, "आणि त्याआधीची वर्षं?"

"जपानमध्ये जेझुइट धर्मसंघाबरोबर काम केलं, पण त्यांनी संघात घेतलं नाही. मग व्यापार केला. मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले."

"इतकी वर्षं तू एका दमात संपवलीस."

ती गप्प झाली. चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, घरी कुणाचं करावं लागतं का.

"आजी अंथरुणावर आहे. रात्रीचं मीच बघते."

"कसं जातं?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा शांततेत तोंड न उघडणं शिकायला मला कित्येक वर्षं लागली. "चिडते मी. परवा तिने पेज थुंकली, तर मी वाटी आपटली." आणि मग रडतच, "जखमा धुवायला जाणार म्हणते आणि घरच्या म्हातारीवर ओरडते. म्हणजे मम्मी म्हणते तेच खरं. सगळं खोटं आहे."

"तिकडच्या माणसांचा राग येईल, असं कधी मनात आलं होतं?"

तिने मान हलवली. "माझ्या मनात तिकडची माणसं थुंकतच नाहीत, मॅडम."

मी वही मिटली. त्या दिवशी आणखी काही विचारायची गरज नव्हती. तिची भक्ती खोटी नव्हती. तिने रंगवलेलं चित्र फार स्वच्छ होतं. राग आला म्हणजे पाचारण खोटं, हे तिचं गणित मात्र चुकीचं होतं. हवाईतल्या मोलोकाई बेटावर १८७३ मध्ये गेलेले फादर डेमियन कुष्ठरोग्यांत राहिले, त्याच रोगाने १८८९ मध्ये वारले. हट्टी आणि तापट म्हणूनही ते ओळखले जात. मदर तेरेसांच्या पत्रांतून तर दिसतं, की जवळपास पन्नास वर्षं प्रार्थनेत त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्या उठून कामाला जात राहिल्या. उत्कटता ओसरल्यावर माणूस काय करतो, ते मी पाहते.

आणि मोडलेलं लग्न? त्यावर आम्ही पुढचे दोन महिने बोललो. दुःखातून देवाकडे वळलेला माणूस खोटा ठरत नाही. फक्त ते दुःख स्वतंत्र रडून घ्यावं लागतं, नाहीतर ते मठातही सोबत येतं.

आईवडिलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: पहिल्या उमाळ्यावर ख्रिस्तसभाही (चर्च) विश्वास टाकत नाही. मठात गेल्यावर नवशिक्षणाचा काळ किमान १२ महिन्यांचा, मग किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, त्यानंतरच कायमची. तोवर दार आतूनही उघडतं. तेव्हा घरात भांडून मुलीला कोपऱ्यात रेटू नका. विरोध जितका मोठा, तितका तिला स्वतःचा त्याग मोठा वाटू लागतो. तिची झोप, जेवण, मैत्रिणी, हसणं टिकून आहे का ते बघा. उपासांनी ती खंगत असेल, तिला आवाज ऐकू येत असतील, "घरी सांगू नकोस" असं कुणी तिला शिकवत असेल, तर मात्र थांबू नका. पहिल्या दोन्हींत मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तिसऱ्यात त्या माणसाला उघडपणे जाब विचारा.

सुझान सहा महिने घरीच थांबली आणि मग गेली. जाण्याआधी तिने मम्मीला आजीची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते शिकवलं.

आई अजून फोन करते. "खरं असेल ना हो, मॅडम?"

"शेवटचा फोन आला तेव्हा काय म्हणाली?"

"स्वयंपाकघरातल्या सिस्टरशी कडाक्याचं भांडण झालं म्हणे. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून भाजी निवडत बसल्या."