वाचकांचे प्रश्न : केस पिंजारतात, तेव्हा आधी पाणी पाहावे

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातील एका गावात राहते आणि शिकवण्यासाठी रोज बसने जळगावला जाते. माझे केस मुळात थोडे कुरळे आहेत, परंतु गेल्या काही वर्षांत ते फार राठ झाले असून धुतल्यानंतर तासाभरातच पिंजारल्यासारखे फुगतात. घरी बोअरचे खारे पाणी आहे. तेल भरपूर लावते, शिकेकाईही वापरून पाहिली, पण फरक पडत नाही. महागडी उत्पादने मला परवडणारी नाहीत. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका लहानशा वाक्यात सांगितली आहे, ती म्हणजे बोअरचे पाणी. आपल्याकडे केसांच्या तक्रारीवर पहिला सल्ला तेलाचा दिला जातो. तुमच्या बाबतीत मात्र सुरुवात पाण्यापासून करावी, असे मला वाटते.

केसाच्या बाहेरच्या बाजूला अतिशय पातळ खवल्यांचा थर असतो आणि हे खवले छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. ते नीट मिटलेले असले की केस गुळगुळीत राहतो. ते उचकटले की एक केस दुसऱ्यात अडकतो आणि हवेतील ओलावा आत शिरून केस कुठे जास्त, तर कुठे कमी फुगतो. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचून ते राठ करतात, आणि अशा पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला तर या क्षारांशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पांढरट चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर ज्या पाण्याचा पांढरा थर धरतो, त्याच पाण्याने आपण केस धूत असतो, हे ध्यानात घ्यावे. साबण अल्कधर्मी असल्यामुळे खवलेही अधिक उचकटतात. म्हणून डोक्याला साबण लावत असाल, तर तो आजपासून बंद करावा.

सगळे केस गोड्या पाण्याने धुणे प्रत्येक घरी शक्य नसते, आणि त्याची गरजही नाही. नेहमीच्या पाण्यानेच केस धुवावेत, परंतु शेवटचे दोन तांबे पिण्याच्या जारचे किंवा पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात धरलेले पाणी घ्यावे. त्यांपैकी पहिल्या तांब्यात एक चहाचा चमचा व्हिनेगर मिसळून ते केसांवरून ओतावे, मिनिटभर थांबावे आणि दुसऱ्या तांब्याने केस धुऊन टाकावेत. सौम्य आम्लामुळे खवले मिटायला मदत होते व क्षारांचा थरही थोडा सुटतो. आठवड्यातून एकदा एवढे पुरे आहे. डोक्याच्या त्वचेवर जखम किंवा खरूज असेल, तर मात्र व्हिनेगर वापरू नये.

आता तेलाविषयी. तुम्ही ते भरपूर लावता, म्हणजे ते काढण्यासाठी शाम्पूही भरपूर लागतो आणि केस पुन्हा कोरडे पडतात. खोबरेल तेलातील मुख्य स्निग्धाम्लाचे रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज त्यामुळे कमी होते. सूर्यफुलाचे तेल तसे आत शिरत नाही. घरच्या घाण्याचे तीळ किंवा शेंगदाण्याचे तेल वाया घालवू नका, पण या कामासाठी खोबरेलच घ्यावे. एक-दोन चमचे तेल न्हाण्याच्या आधी दोन तास केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावावे. टाळूवर थापण्याचे कारण नाही, कारण राठपणा टोकांकडेच अधिक असतो.

शिकेकाईचा उपयोग होत नाही असे तुम्ही लिहिता, त्याचे कारण बहुधा तिची पूड आहे. कोरडी भरड पूड केसांत चोळली की तिचे कण खवल्यांवर घासले जातात. शेंगा आणि दोन-चार रिठे रात्री भिजत घालून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळलेले पाणीच वापरावे.

यानंतर जवस. खान्देशात जवसाची चटणी घरोघरी होते, त्यामुळे हा उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. पाव वाटी कच्चा जवस (चटणीसाठी भाजलेला नको) दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवून सतत ढवळावा. आठ-दहा मिनिटांत पाण्यावर पांढरट फेस येतो आणि चमचा वर उचलला की त्यावरून लांब तार पडते. त्याच क्षणी भांडे उतरवून मिश्रण गरम असतानाच सुती फडक्यातून गाळावे. थंड झाल्यावर ते इतके घट्ट होते की फडके कितीही पिळले तरी गर खाली उतरत नाही. हा गर न्हाऊन झाल्यावर ओल्या केसांवर बोटांनी पसरावा आणि मूठ मिटून केस वरच्या दिशेने हलके दाबावेत. वाळताना त्याचा पातळ थर केसांना एकत्र धरून ठेवतो व तुमचा मूळचा कुरळेपणा मोकळ्या, स्पष्ट वळणांत दिसू लागतो. हा गर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. आंबूस वास आला की टाकून द्यावा.

कुरळे केस कोरडे असताना विंचरले की त्यांची वळणे सुटून केस पिंजारतात, ही साधी गोष्ट आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. तुमचे केस ‘बिघडलेले’ नसतील, त्यांना केवळ सरळ केसांची वागणूक मिळत असेल. गुंता ओल्या केसांतच, रुंद दातांच्या फणीने, टोकांकडून मुळाकडे जात सोडवावा. खरखरीत टॉवेलने केस झटकण्याऐवजी जुन्या मऊ धोतराच्या किंवा सुती साडीच्या तुकड्यात ते दाबून टिपावेत.

ऋतूचाही विचार करायला हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि अशा हवेत नायलॉनचा स्कार्फ व प्लॅस्टिकचा कंगवा यांच्या घर्षणाने केसांत विद्युतभार निर्माण होऊन ते एकमेकांपासून दूर पळतात. तेव्हा बसमध्ये सुती ओढणी बांधावी, लाकडी फणी वापरावी आणि तळहातावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून हात टोकांवरून फिरवावा. पावसाळ्यात केस फुगतात ते हवेतील ओलाव्यामुळे. त्या दिवसांत जवसाचा गर थोडा अधिक घ्यावा आणि सैल वेणी घालावी.

प्रश्न : आमच्या रावेरकडे केळी मुबलक. पिकलेली केळी केसांना लावली तर ते मऊ होतात का? लिंबू व खायचा सोडा यांनीही केस सरळ होतात असे ऐकले आहे.

उत्तर : केळ्याचा गर केसाच्या आत जात नाही, तो वरून थर देतो व काही काळ मऊपणा जाणवतो, एवढेच. लावायचाच असेल, तर पूर्ण पिकलेले केळे मिक्सरमधून काढून, पातळ फडक्यातून गाळून, चमचाभर खोबरेलासह वीस मिनिटे ठेवावे. नुसते हाताने कुस्करलेले केळे लावले, तर त्याचे कण केसांत वाळून बसतात आणि ते काढताना केस तुटतात. खायचा सोडा मात्र अजिबात लावू नये. तो अल्कधर्मी आहे आणि खवले उघडण्याचेच काम करतो. थेट लिंबूरस फार तीव्र आम्ल आहे. तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर चट्टे व फोड येऊ शकतात.

प्रश्न : लग्नसराई जवळ आली आहे. पार्लरमध्ये केराटिन, म्हणजे द्रावण लावून व इस्त्री फिरवून केस गुळगुळीत करण्याची प्रक्रिया, करून घ्यावी का?

उत्तर : अशा काही द्रावणांतून इस्त्रीची उष्णता लागताच फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, जो डोळ्यांना व श्वासमार्गाला त्रासदायक आहे आणि कर्करोगकारक म्हणून मान्य झालेला आहे. बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय होकार देऊ नये. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर हा विचार सोडूनच द्यावा.

प्रश्न : बाळंतपणानंतर माझ्या कपाळाजवळ सगळीकडे आखूड केस उभे राहतात. त्यांना काय लावू?

उत्तर : काहीही लावून ते बसवण्याची घाई करू नका. प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांनी बरेच केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे केस उगवू लागतात. तुम्हाला दिसणारे आखूड केस तेच आहेत. ते कापू नयेत, घट्ट अंबाडा बांधून ओढूही नयेत. बाळ वर्षाचे झाल्यावरही गळती थांबली नाही, किंवा केस एकाएकी राठ होऊन सोबत थकवा आणि वजनवाढ जाणवू लागली, तर डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.