समुद्र तापला आणि शिकारी मासे घटले, तर शेवंडींचं काय होतं?

तुमचे दोन प्रश्न आहेत: समुद्राचं पाणी तापलं की शेवंडी (लॉब्स्टर) वाढतात की मरतात, आणि त्यांना खाणारे मासे घटले की त्या आपोआप वाढतात का. मी परभणीत प्राणिशास्त्र शिकवतो. इथून समुद्र लांब आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पऱ्हाटीतही, म्हणजे कपाशीतही, दिसतं. अंदाधुंद फवारणीत किडींना खाणारे ढालकिडे मेले की मावा आणि पांढरी माशी कशी उसळते, ते इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेनच्या आखाताचा. तिथली शेवंड मोठ्या नांग्यांची, आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीहून वेगळी. तिची पिल्लं खाणारा मोठा शत्रू म्हणजे कॉड मासा. माणसाने कॉड बेसुमार पकडला आणि मोठे कॉड जवळपास दिसेनासे झाले. एरवी दगडांच्या फटींत दडून राहणारी पिल्लं जगू लागली. 1980च्या दशकात मेन राज्यात वर्षाला 9 हजार टनांच्या आसपास शेवंडी निघायच्या, 2016 मध्ये 60 हजार टनांच्या घरात गेल्या.

पण श्रेय एकट्या कॉडच्या गैरहजेरीला देऊ नका. या जातीला साधारण 12 ते 18 अंश सेल्सिअस पाणी मानवतं. 12 अंशांखाली तिच्या अळ्या तळाशी नीट स्थिरावत नाहीत. त्यामुळे आखाताचं गार पाणी थोडं तापलं, तेव्हा आधी नकोसा असलेला तळही पिल्लांना राहण्याजोगा झाला. 20 अंशांवर मात्र सगळं उलटतं. श्वसनावर ताण येतो, रोगाशी लढायची ताकद घटते, कवचावर जिवाणूंचे व्रण पडतात. दक्षिणेकडे न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड बेटाजवळच्या समुद्रात 1999 मध्ये शेवंडी मोठ्या संख्येने मेल्या आणि तिथली मासेमारी पुन्हा सावरलीच नाही. म्हणजे पाणी दोन्हीकडे तापलं, पण मुळात ते किती गार होतं यावर निकाल ठरला.

शिवाय ऊब नवे शिकारीही घेऊन येते. ब्लॅक सी बास हा दक्षिणेकडचा मासा आता उत्तरेला सरकतोय आणि छोट्या शेवंडी खातोय. म्हणून तापमान एका बाजूला, शिकारी दुसऱ्या बाजूला असा हिशेब मला पटत नाही. मेनमधलं उत्पादनही 2016 नंतर उतरलंय.

सगळ्यात मोठा शिकारी माणूस, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. मेनचे मच्छीमार अंडी असलेली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पंखाला खाच पाडून तिला सोडून देतात. अशी खाच दिसली की दुसराही तिला ठेवत नाही. फार लहान आणि फार मोठी शेवंडही परत पाण्यात जाते. आपल्याकडे मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणाऱ्या चपट्या शेवंडीची जात ट्रॉलरच्या जाळ्यांनी 1990च्या दशकात जवळपास संपवली. अंडी असलेल्या माद्याही त्या जाळ्यांतून सुटल्या नाहीत.

हे प्रकल्पासाठी विचारत असाल, तर उपग्रहाने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान घेऊन बसू नका. शेवंड तळाशी राहते, आणि उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं तरी खोल तळ बराच गार असतो. आणि पकडीचा आकडा म्हणजे शेवंडींची संख्या नव्हे. होड्या किती, पिंजरे किती आणि भाव काय, यावरही तो हलतो.