काचबिंदूवर पीएचडी करतेस, तर आधी काळाचा क्रम लाव

काचबिंदूत दाह आधी येतो की गँग्लियन पेशी (डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशी) मरायला लागल्यावर? तुझा प्रबंध याच प्रश्नावर उभा राहणार, म्हणून पहिलं वर्ष त्यालाच दे. २०१७ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की मायक्रोग्लिया या चेतासंस्थेतल्या रोगप्रतिकारक पेशींतून सुटणारी आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही प्रथिनं मिळून अ‍ॅस्ट्रोसाइटना, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींना, चेतापेशींसाठीच मारक बनवतात. पण फक्त शेवटच्या टप्प्यातला डोळा तपासलास, तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सुटणार नाही.

डीबीए/२जे उंदीर (वयाबरोबर आपोआप काचबिंदू होणारा वाण) घेणार असशील तर आत्ताच मागव. त्यांच्या डोळ्यातला दाब साधारण ८ महिन्यांच्या वयाला चढतो, आणि फेलोशिप तेवढी थांबत नाही. गँग्लियन पेशींची मोजणी करताना त्या ओळखायला केवळ बीआरएन३ए या खुणेच्या प्रथिनावर विसंबू नकोस. जखमी गँग्लियन पेशी जिवंत असतानाच ते मावळतं. सोबत आरबीपीएमएस ही दुसरी खूण लाव. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू देऊ नकोस.

आणि परवानगी काढून परळला केईएमच्या नेत्रविभागात काही सकाळी बसच. दाब उतरवणं हाच आजवरचा सिद्ध उपचार आहे, तरी दाब आटोक्यात असूनही काहींची नजर कडेने आक्रसत जाते. त्यांच्या दृष्टिक्षेत्राचे जुने-नवे कागद शेजारी ठेवून बघ.