नारिंगीवरची पिवळी अक्षरे

प्रश्न : महाल भागातील आमच्या छोट्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेसाठी आम्ही ए-३ आकाराचे भित्तिपत्रक छापले. संत्र्यांचे शहर म्हणून नारिंगी पार्श्वभूमी, तीवर पिवळी अक्षरे, चार वक्त्यांची छायाचित्रे, नक्षीदार चौकट आणि चार तऱ्हेचे फॉन्ट घेतले; तरी ‘रस्त्यावरून काही वाचताच येत नाही’ अशी तक्रार येते. आमचे काय चुकले?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नारिंगी रंगाला दोष देऊ नका. नारिंगी आणि पिवळा हे दोन्ही उजळ रंग आहेत, आणि अक्षर वाचता येते ते रंगांच्या वेगळेपणापेक्षा उजळ-गडदपणातील फरकामुळे. मोबाइलवर पत्रकाचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहा. अक्षरे पार्श्वभूमीत विरघळलेली दिसतील. त्याच नारिंगीवर काळी किंवा गडद निळी अक्षरे ठळक उठतील. पांढरी मात्र टाळावीत, कारण ती नारिंगीवर वाटतात त्याहून फिकी पडतात.

दुसरा प्रश्न आकाराचा आहे. दहा फुटांवरून सहज वाचण्यासाठी अक्षराची उंची सुमारे एक इंच हवी, असा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असतो. रस्त्यापलीकडचा माणूस तीस फुटांवर असेल, तर अक्षर तीन इंचांचे लागेल, आणि ए-३ कागदाची रुंदी जेमतेम पावणेबारा इंच असल्याने त्या मापाचा एखादाच शब्द एका ओळीत मावेल. म्हणून ‘व्याख्यान’ हा शब्द दुरून दिसावा, तारीख, वेळ व स्थळ जवळ आल्यावर वाचले जावे आणि वक्त्यांचा परिचय सर्वांत शेवटी यावा, असा क्रम आधी कागदावर पेन्सिलीने ठरवून घ्या. चारही छायाचित्रे सारख्याच आकाराची ठेवली, तर नजर कोठेच ठरत नाही. मात्र एकालाच मोठे केल्यास उरलेल्या वक्त्यांच्या रुसव्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. त्यापेक्षा चौघांना लहान करून एका रांगेत बसवणे बरे.

फॉन्ट एकच पुरेसा आहे. त्याचीच जाड आणि साधी अशी दोन वजने वापरा. देवनागरीत वेलांट्या व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली जातात, त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या मापाने ओळी जवळ आणल्यास वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. अक्षरांना सावली किंवा बाह्यरेषा देऊ नये, कारण त्यामुळे जोडाक्षरांतील बारीक फटी बुजतात. नक्षीची चौकट काढून टाकली, तर तेवढी मोकळी जागा शीर्षकाभोवती सोडता येईल. शिवाय कागद चकचकीत नसावा. मे महिन्यातील दुपारी त्यावर उन्हाची तिरीप येते आणि गडद अक्षरेही दिसेनाशी होतात.