क्वेरी तीच, कोड तोच, तरी शेवटचा एकच टास्क तासभर का अडकतो?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: स्पार्क या, मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणाऱ्या इंजिनावरचा लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवून उजवीकडच्या जुळणाऱ्या जोडणं) इतके दिवस काही मिनिटांत संपायचा. आता २०० पैकी १९९ टास्क (कामाचे तुकडे) भराभर होतात आणि एकच तासभर रेंगाळतो. नोड, म्हणजे मशीन, दुप्पट करूनही फरक नाही, मग हा इंजिनाचा बग आहे का?

आधी स्पार्कच्या यूआयमध्ये त्या स्टेजवर जाऊन अडकलेल्या टास्कचा इंडेक्स बघा. तो ४२ असेल, तर तुमच्या डावीकडच्या टेबलात जॉइनच्या कॉलमात ढीगभर नल (मूल्यच नसलेल्या जागा) आहेत यावर मी पैज लावतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. स्पार्क शफल करताना, म्हणजे जॉइनच्या कॉलमनुसार ओळी भागांत वाटताना, मर्मर-३ हॅश (मूल्यावरून आकडा काढणारं सूत्र) वापरतो आणि त्याची सुरुवात ४२ या सीडपासून, म्हणजे ठरलेल्या आकड्यापासून, होते. नल आला की हॅश पुढे सरकतच नाही, ४२ चा ४२ राहतो. शफलचे भाग मुळात २०० असतात आणि हॅशला २०० ने भागून उरलेली बाकी हाच भागाचा क्रमांक, त्यामुळे सगळे नल ४२ व्या भागात जाऊन बसतात. नोड वाढवले तरी एका भागाचं काम एकाच कोअरवर होणार, बाकीचे नुसते बघत बसणार.

मग हे आताच का उपटलं? बहुतेक उजवीकडचं छोटं टेबल वाढलंय. त्याचा अंदाजे आकार १० एमबीच्या आत असेपर्यंत स्पार्क ते टेबल प्रत्येक नोडवर पाठवतो, म्हणजे ब्रॉडकास्ट जॉइन करतो. तेव्हा डावीकडच्या ओळी जागेवरून हलत नाहीत, नल कितीही असोत. मर्यादा ओलांडली की प्लॅन (क्वेरी चालवायची पद्धत) बदलतो आणि दोन्ही टेबलं शफल होतात. नल आधीपासूनच होते, फक्त दिसत नव्हते. जुना आणि नवा प्लॅन एक्सप्लेन कमांडने काढून शेजारी ठेवलेत तर हा बदल लगेच सापडेल. ट्रिनो या दुसऱ्या क्वेरी इंजिनावरही हे होतं, तिथली मर्यादा १०० एमबी आहे एवढंच.

बग म्हणावा का? माझ्या मते, म्हणायला हरकत नाही. नल कशाशीच जुळत नाही, हे इंजिनाला ठाऊक असतं. इनर जॉइनमध्ये (फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारा) स्पार्क अशा ओळी आधीच गाळतो. लेफ्ट जॉइनमध्ये त्या निकालात ठेवाव्या लागतात, पण त्यासाठी सगळ्या एकाच ठिकाणी गोळा करायची काहीच गरज नाही.

आजचं काम भागवायचं असेल तर उजव्या टेबलावर ब्रॉडकास्टची हिंट (क्वेरीतच लिहायची सूचना) द्या. टेबल अजून १५-२० एमबीचं असेल तर बिनधास्त. कायमचा उपाय म्हणजे नल असलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या, उरलेल्यांचा जॉइन करायचा आणि शेवटी युनियन ऑलने दोन्ही जोडायचं. दिसायला ओबडधोबड आहे, पण मला हाच सर्वांत आवडतो, कारण पुढच्या माणसाला तो वाचताच कळतो.

नल वेगवेगळ्या भागांत पसरावेत म्हणून त्यांच्या जागी रँड फंक्शनने यादृच्छिक आकडा भरा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. जरा जपून. एखादा नोड पडला आणि टास्क पुन्हा चालला, तर त्याच ओळीला दुसरा आकडा मिळू शकतो. मग काही ओळी गहाळ होतात, काही दोनदा येतात आणि एररही येत नाही. असा आकडा हवाच असेल तर त्याच ओळीतल्या दुसऱ्या कॉलमच्या हॅशवरून काढा, आणि तो खऱ्या आयडीशी जुळणार नाही हे बघा.

तुमच्या स्पार्कची आवृत्ती ३.० किंवा ३.१ असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह एक्झिक्युशन (क्वेरी चालू असतानाच प्लॅन सुधारणं) मुळात बंद असतं. ते सुरू केलंत तर भागांच्या आकाराच्या मध्यकापेक्षा ५ पट आणि २५६ एमबीपेक्षा मोठा भाग स्पार्क आपणहून तोडतो. फुल आउटर जॉइनमध्ये मात्र हे चालत नाही.

आणि इंडेक्स ४२ नसेल तर? मग जॉइनच्या कॉलमवर ग्रुप बाय करून सर्वांत जास्त वेळा आलेली मूल्यं काढा. ०, -१ किंवा रिकामी स्ट्रिंग वर आली तर प्रकरण जास्त वाईट आहे, कारण ही मूल्यं दोन्हीकडे असली की खरोखर जुळतात आणि ओळींचा गुणाकार होतो. तिथे युनियनच्या आधी ती मूल्यं नल करून घ्यावी लागतील.