बारा नंबर मागून घे

कोल्हापूर

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रग्बी लीगच्या, म्हणजे तेराजणांच्या रग्बीच्या, चारही सामन्यांचे व्हिडिओ पाहिले. पहिल्यांदा नुसते पाहिले, दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त तुझ्यावर नजर ठेवली, बॉल कुठंही असो. चार दिवस पावसानं झोडपलंय, मैदानात घोट्याएवढं पाणी, मुलांना सुट्टी दिलेली. वेळच वेळ होता.

चार सामन्यांत तू चार जागी खेळलास. विंगरच्या आतला सेंटर, टॅकलनंतर बॉल उचलून देणारा हूकर, बारा नंबरचा सेकंड रो आणि शेवटी सगळ्यांच्या मागं उभा राहणारा फुलबॅक जखमी झाला म्हणून वीस मिनिटं फुलबॅक. कोच म्हणतो, हा पोरगा कुठंही चालतो. ते ऐकून बरं वाटतं आणि पोटात गोळाही येतो, असं तू लिहिलंस. तो गोळा खरा आहे. त्याच्यावरच लिहितो.

तुझ्या आधीच्या एका बॅचमधला मुलगा मला अजून आठवतो. आपल्या सातजणांच्या रग्बीत मी त्याला तीन वर्षं जिथं भोक पडेल तिथं बुजवायला वापरलं. आज विंग, उद्या हूकर, परवा प्रॉप. तोही हू की चू न करता खेळायचा. निवड चाचणीला गेलो तेव्हा तिथल्या माणसानं साधा प्रश्न विचारला, "तू कुठं खेळतोस?" पोरगा माझ्याकडं बघायला लागला. त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडंही नव्हतं. त्याच्यापेक्षा कमी गुणाची तीन मुलं निवडली गेली, कारण त्या प्रत्येकाला एक काम पक्कं येत होतं. पुढच्या मोसमात तो मैदानावर आला नाही. ती चूक माझी होती. तुझ्या बाबतीत ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये असं वाटतं.

तुझ्या कोचलाही मी दोष देत नाही. तू शिकतोस त्याच हडर्सफील्डमध्ये, जॉर्ज हॉटेलात, 1895 साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी रग्बीची जुनी संघटना सोडून वेगळी चूल मांडली. खेळापायी कामावर खाडा पडला तर खाणीतल्या, गिरणीतल्या खेळाडूला त्या दिवसाची मजुरी भरून द्यावी की नाही, हे त्या भांडणाचं मूळ. पुढं 1906 साली त्यांनी पंधराचे तेरा केले, दोन फॉरवर्ड कमी झाले. मैदान तेवढंच आणि माणसं दोन कमी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त जमीन आली. अशा खेळात सगळं येणारा गडी कोणत्या कोचला नको असेल? राखीव खेळाडू मोजकेच, त्यामुळं राखीव बाकावर चौदा नंबरची जर्सी घालून बसलेला असा एक पोरगा म्हणजे त्याची अर्धी चिंता मिटली. पण त्याची सोय आणि तुझी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता वहीतलं सांगतो.

हूकर म्हणून तू सव्वीस मिनिटं होतास. उजवीकडचे पास सुरेख, बहुतेक सगळे धावणाऱ्याच्या छातीपुढं. डावीकडं चौदा पास टाकलेस, त्यातले सहाच नीट गेले. बाकीचे खांद्याच्या वर किंवा धावणाऱ्याच्या पाठीमागं. कारण दिसतंय. डावीकडं टाकताना तू बॉल उचलतोस, एक पाऊल टाकतोस आणि मग सोडतोस. डमी हाफनं, म्हणजे टॅकलनंतर बॉल उचलणाऱ्यानं, बॉल जमिनीवरून उचलता उचलताच सोडला पाहिजे. त्या एका पावलात समोरची फळी दोन मीटर पुढं येते आणि आपला धडक मारणारा प्रॉप उभ्या जागी मार खातो. लीगमध्ये सहा टॅकलचा एक संच, आणि पाडलेला गडी उठून बॉल पायानं मागं सोडतो त्या जवळजवळ प्रत्येक प्ले-द-बॉलनंतर बॉल आधी हूकरच्याच हातात. म्हणजे ही चूक सामन्यात एकदा-दोनदा होऊन थांबत नाही, शेवटपर्यंत होत राहते. सरावानं ती जाईल, पण महिने लागतील.

सेंटरला तू हल्ल्यात झकास दिसतोस, म्हणून घरच्यांना तो व्हिडिओ जास्त आवडला असणार. मला त्यातला बचाव खटकला. सेंटरचा बचाव ही या खेळातली फार कठीण गोष्ट आहे. समोरून तीन माणसं येतात, पास कुणाला जाणार माहीत नसतं, आत शिरायचं की बाहेर थांबायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. असा प्रसंग दोनदा आला, तू दोन्ही वेळा आत शिरलास. दोन्ही वेळा बॉल तुझ्या पाठीमागून बाहेर गेला, तुझा विंगर दोघांपुढं एकटा पडला, दोन्ही वेळा समोरच्यांचा ट्राय, म्हणजे गुण. तुझा स्वभावच तो आहे. समोर माणूस दिसला की तू धरतोस. तालमीत वाढलेलं पोर दुसरं काय करणार!

आणि तोच स्वभाव सेकंड रोला सोनं होतो. बारा नंबर घालून तू खेळलास तो सामना पुन्हा लाव आणि त्रेसष्टाव्या मिनिटाला थांब. त्यांचा एकशे दहा किलोचा प्रॉप तुझ्या आतल्या खांद्यावर येतोय. तू वर न जाता खाली बसलास, डोकं बाजूला काढलंस, दोन्ही हात गुडघ्यांमागं, आणि खांदा लावून उचललंस. अरे, हा तर मातीतला दुहेरी पट! गंगावेस तालमीत वस्तादांनी हजार वेळा काढून घेतलेला. प्रॉप आडवा. पण मी टाळी वाजवली ती त्यानंतरच्या चार सेकंदांना. पंचानं दहा मीटर मागं जायला सांगितल्यावर तुझे सोबती कमरेवर हात ठेवून चालत होते. तू पाठ न फिरवता मागं पळालास आणि फळीत सगळ्यांच्या आधी उभा राहिलास. कॅमेऱ्याच्या कडेला अर्धाच दिसतोस, पण दिसतोस. शेवटच्या वीस मिनिटांत, बॉल जवळपास नसताना, हे तू अकरा वेळा केलंस. सेंटरला किंवा हूकरला असताना असं एकदाही दिसलं नाही. तिथं तू विचार करत होतास, इथं तुझं अंग चालत होतं.

हल्ल्यातही तसंच. हल्ला चालवणाऱ्या स्टँड-ऑफनं पास उशिरा दिला तेव्हा तू बाहेरून आत रेषा बदललीस आणि दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत घुसलास. ते तुला कुणी शिकवलेलं नाही.

फुलबॅकबद्दल वीस मिनिटांवरून बोलणार नाही. दोन उंच बॉल पकडलेस, छान पकडलेस.

मोठ्या खेळाडूंचंही हेच झालंय. ऑस्ट्रेलियाचा डॅरेन लॉकियर फुलबॅक म्हणून 2003 साली जगातला सर्वोत्तम ठरला, गोल्डन बूट मिळाला. पुढच्याच वर्षी तो स्टँड-ऑफला गेला, तिथंच टिकला आणि 2006 साली त्या जागेवरून पुन्हा गोल्डन बूट घेतला. जागा एकदाच बदलली आणि मग तिला वर्षं दिली. कॅलिन पोंगाचं उलट झालं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल क्लबनं त्याला 2019 मध्ये स्टँड-ऑफला खेळवून पाहिलं, थोड्याच सामन्यांत परत फुलबॅकला नेलं. 2023 मध्ये पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा परत फुलबॅक, आणि त्याच वर्षी त्याला तिथल्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक मिळालं. एवढा गुणी खेळाडू, पण फळला आपल्याच जागी.

तेव्हा कोचकडं जा आणि सरळ बोल. "मला सलग सहा सामने बारा नंबरला द्या. त्यानंतर तुम्ही ठरवा." सहा यासाठी की पहिले दोन अंग ओळखण्यात जातात. सोबत हेही सांग, की हूकर पडला तर मी आत जाईन. ती तयारी ठेव, डावीकडचे शंभर पास रोज, पाऊल न टाकता. अंगात दुसरं कसब असणं चांगलंच. फक्त तुला हाक मारताना कोचच्या तोंडात आधी बारा आला पाहिजे, हूकर नंतर. त्यानं नाही म्हटलं तर वाद घालू नकोस, आणि चौदा नंबरवर खूषही राहू नकोस. महिन्यानं पुन्हा विचार.

तुझं शहाऐंशी किलो वजन या जागेला जरा कमी पडतं. चार-पाच किलो हवं, तेही मांडीत आणि कमरेत. जोर, बैठका, सपाटे सोडलेस का? तिथल्या जिममध्ये यंत्रं भारी असतील, पण बैठका सोडू नकोस.

पुढचा व्हिडिओ पाठवताना एक कर. चित्रण करणाऱ्या मित्राला सांग, मोबाईल आडवा धर आणि बॉलच्या मागं फिरवू नको. स्टँडच्या वरच्या पायरीवर उभं राहून अख्खी फळी दिसेल असा धर. बॉल दिसला नाही तरी चालेल, मला तुझे पाय बघायचेत.

तुझा,
सर