युरोव्हिजनमध्ये जर्मनी सतत तळाला का असतो? बाकीच्या देशांना जर्मनीचा राग आहे का?

राग-बिग काही नाही हो. युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा, आणि जर्मनीची गाणी मिळमिळीत असतात.

खरं तर इथेच थांबलो असतो. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले जर्मन म्हणतात, 'पैसे आम्ही भरायचे आणि शेजारी-शेजारी आपसांत मतं वाटून घेणार, सगळं राजकारण आहे.' नेमकं हेच वाक्य मी कित्येक वर्षं आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आमचे साडू इंग्लंडात, मी हॅम्बुर्गला. दोघी बहिणींना व्हिडिओ कॉलला कारण लागत नाही, आणि मग आम्ही दोघे आपापल्या सोफ्यावर बळंच समोरासमोर. क्रिकेट सोडलं तर बोलायला समान विषय नव्हता, तो युरोव्हिजननं दिला. माझ्यासाठी ही गोष्ट २०१० ला सुरू झाली. मी इथे नवा होतो, लेना मायर-लांडरुट ओस्लोत 'सॅटेलाइट' गाऊन २४६ गुणांनी जिंकली आणि एरवी शेजाऱ्याला नुसतं 'मॉइन' म्हणून दार लावून घेणारं हे गाव रात्रभर रस्त्यावर होतं. मला वाटलं, दरवर्षी असंच असतं. कसलं काय! त्याआधीचा विजय १९८२ चा होता, निकोलचा. आणि त्यानंतरचा अजून यायचाय.

तर २२ मे २०२१, रॉटरडॅम. आमचा, म्हणजे जर्मनीचा, येंड्रिक युकुलेली (छोटी गिटार) वाजवत आला आणि त्याच्या शेजारी एक बाई भल्यामोठ्या हाताच्या पंजाचा पोशाख घालून नाचत होती. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे बालनाट्य कधीपासून झालं?" साडू खो खो हसले. मग त्यांचा जेम्स न्यूमन आला, मागे दोन अवाढव्य ट्रम्पेट उभे करून. आता हसायची पाळी माझी. ज्युरींचे, म्हणजे देशोदेशीच्या संगीत-जाणकारांचे, गुण आले: जर्मनी ३, ब्रिटन ०. त्यानंतर प्रेक्षकांची मतं जाहीर व्हायला लागली. ती तळापासून वर जाहीर करतात, त्यामुळे ब्रिटन शून्य, जर्मनी शून्य, स्पेन शून्य, यजमान नेदरलँड्स शून्य, असे एका दमात चार भोपळे. बिचाऱ्या न्यूमनसाठी अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. साडूंनी कॉल म्यूट केला. बऱ्याच वेळानं आवाज आला, "ब्रेक्झिटचा सूड घेतला हो पाव्हणं. आणि तुमच्यावर तर जुनाच राग."

मी म्हटलं, अहो, त्याच रात्री इटली ५२४ गुण घेऊन जिंकला आणि फ्रान्स ४९९ घेऊन दुसरा आला. दोघेही आपल्यासारखेच मोठे, आपल्यासारखेच पैसे भरून थेट अंतिम फेरीत बसणारे. त्यांच्यावर कोणाचा राग नाही का? तर म्हणाले, "इटलीचं वेगळं असतं." काय वेगळं असतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मला दिसलेला फरक एवढाच की इटलीचा बँड मोनेस्किन अंगावर येऊन वाजवत होता आणि आमचा पोरगा मला कोणाचा द्वेष वाटत नाही म्हणून समजावत होता.

पुढच्या वर्षी, २०२२ ला ट्युरिनच्या वेळी, आम्ही करार केला. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे मी जर्मनीत बसून जर्मनीला मत देऊ शकत नाही, पण ब्रिटनला देऊ शकतो. तेव्हा मी त्यांच्या सॅम रायडरसाठी मताचे फोन करायचे आणि त्यांनी आमच्या मालिक हॅरिससाठी. मी इमानेइतबारे केले. गाणं आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू. साडूंनी केले की नाही देव जाणे, केले असले तरी त्यांच्या दोन-चार फोननी काही होणार नव्हतं. ब्रिटनच्या प्रेक्षकांकडून आम्हाला काही मिळालं नाही. मालिक हॅरिसला एकूण ६ गुण, ज्युरींकडून शून्य, शेवटचा क्रमांक. सॅम रायडरला ४६६, दुसरा क्रमांक, आणि ज्युरींमध्ये तर पहिला.

ब्रेक्झिट तेच, युरोप तोच, मधे फक्त एक वर्ष. आणि साडू काय म्हणाले माहितीये? "शेवटी गाणं चांगलं असलं की मतं मिळतातच हो." अहो, हे माझं वाक्य! आदल्या वर्षी मी हेच म्हणत होतो तेव्हा म्यूट केलं होतं. ब्रिटन हरला की राजकारण, ब्रिटन वर आला की गुणवत्ता. तुमच्या ऑफिसातली मंडळी याच जातकुळीतली आहेत, भाषा तेवढी जर्मन.

आता मुद्द्याचं. पद्धत तुम्हाला माहीत असेलच: प्रत्येक देशाची ज्युरी आणि प्रत्येक देशाचे प्रेक्षक आपापल्या आवडत्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग खाली १ पर्यंत गुण देतात. अकराव्या आवडत्या गाण्याला काही नाही. नावडतं म्हणून गुण कापायची सोय नाही. याचा अर्थ असा की निम्म्या युरोपला तुमचं गाणं ऐकून कानात बोटं घालावीशी वाटली तरी तुमचं काही बिघडत नाही, उरलेल्या निम्म्यांना ते वेड लावणारं हवं. उलट सगळ्यांना 'बरंय की' वाटलं तर तुम्ही मेलात. सगळीकडे अकरावे-बारावे येऊन एकूण बेरीज शून्य. जर्मनीचं गाणं हे लग्नातल्या व्हेज पुलावासारखं असतं, सगळ्यांच्या ताटात असतं आणि घरी जाताना कोणाला आठवत नाही.

आणि असं गाणं चुकून जात नाही, ते निवडूनच पाठवतात. २०२२ ला इलेक्ट्रिक कॉलबॉय (तेव्हाचं नाव एस्किमो कॉलबॉय) या बँडनं 'पम्प इट' घेऊन अर्ज केला होता. धांगडधिंगा, मेटल, वर ऐंशीच्या दशकातला एरोबिक्सचा व्हिडिओ. जर्मन चाहते खूश होते. पण निवड सार्वजनिक रेडिओच्या पॉप वाहिन्यांकडे होती आणि त्यांनी राष्ट्रीय निवडफेरीत जे सहा जण घेतले त्यात हा बँड नव्हता. लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या, काही उपयोग झाला नाही. रेडिओवाल्याचं आयुष्य कशात जातं? गाडी चालवणाऱ्यानं स्टेशन बदलू नये यात. त्याला खटकणारं काही नको असतं. युरोव्हिजनला नेमकं खटकणारं लागतं. इतका उलटा माणूस त्या खुर्चीवर बसवायचा आणि मग मे महिन्यात म्हणायचं, शेजारी वाईट आहेत!

मालिक हॅरिसचं गाणं वाईट नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो. पोरगा एकटा मंचावर वाद्यं बदलत गायला, नीट गायला. पण नीट गाण्याचे गुण तिथे मिळत नाहीत.

२०१५ तर विचारूच नका. हॅनोव्हरला निवडफेरी झाली, अंद्रेआस क्यूमर्ट प्रचंड मतांनी जिंकला आणि तिथेच, थेट प्रक्षेपणात, म्हणाला की मी जाणार नाही, दुसऱ्या आलेल्या आन सोफीला पाठवा. ती गेली, शून्य घेऊन आली. क्यूमर्ट म्हणजे दाढीवाला, साधासा, पण आवाज असा की अंगावर काटा यावा. तो का नाही म्हणाला हा त्याचा प्रश्न, पण तो गेला असता तर शून्य आलं नसतं एवढं मी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. बरं, त्या वर्षी अंतिम फेरीत यजमान ऑस्ट्रियालाही शून्यच होतं. ऑस्ट्रियाचा कोणाला राग होता? आदल्याच वर्षी तर जिंकले होते ते.

२०१८ मी मुद्दाम शेवटासाठी ठेवलंय. मिखाएल शुल्टे, गेलेल्या वडिलांवरचं गाणं, लिस्बनमध्ये ३४० गुण, चौथा क्रमांक. शेजारी तेच होते. त्या वर्षी निवडीत सामान्य प्रेक्षकांबरोबर परदेशी ज्युरी आणि युरोव्हिजन बघणाऱ्या लोकांचं एक मंडळ बसवलं होतं. म्हणजे ज्यांना विकायचं त्यांनाच आधी चाखवून बघितलं. साडूंना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "अपवाद."

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहीलच. एक म्हणजे तीच २०१८ ची पद्धत २०१९ ला वापरली आणि दोन मुलींची जोडी प्रेक्षकांकडून शून्य घेऊन आली. दुसरं, २०२३ ला प्रेक्षकांनी खरोखरच धाडस केलं, आमच्या हॅम्बुर्गचाच लॉर्ड ऑफ द लॉस्ट हा मेटल बँड निवडला, लाल-सोनेरी झगमगाट करून पाठवला, आणि लिव्हरपूलला १८ गुणांत शेवटचे. त्या रात्री मी फोन बंद ठेवला होता. म्हणजे खटकणारं पाठवलं की झालं असंही नाही, गाणंसुद्धा लागतं. तिसरं, शेजारप्रेम असतंच. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना काय देतात ते लहान मूलही सांगेल. २०२२ ला युक्रेनला प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले त्यात युद्धाचा भाग होता, हे कोण नाकारेल? पण राजकारणानं कोणीतरी वर जातं. तुमचं शून्य त्यानं होत नाही. शून्य व्हायला जवळजवळ चाळीस देशांतल्या माणसांनी तुम्हाला विसरावं लागतं, आणि इतकी माणसं ठरवून विसरत नाहीत.

पैशांचंही अर्धसत्य आहे. १९९६ ला जर्मनीचं गाणं प्राथमिक चाळणीतच उडालं, अंतिम फेरीत जर्मनी नव्हताच. त्यानंतर काही वर्षांत नियम आला की जास्त पैसे भरणारे देश थेट अंतिम फेरीत. आता ही सवलत आहे की शिक्षा? उपांत्य फेरीत पडला असता तर निदान जगासमोर शेवटचा आला नसता. शिवाय बाकीच्यांची गाणी लोकांनी उपांत्य फेरीत एकदा ऐकलेली असायची, आमचं कोरं. २०२४ पासून मोठ्या देशांनाही उपांत्य फेरीच्या कार्यक्रमात पूर्ण गाणं गायला मिळतं. त्याच वर्षी आमचा आयझॅक ११७ गुणांनी बारावा आला. योगायोग असेलही.

आणि त्या वर्षी ब्रिटनला प्रेक्षकांकडून शून्य. मी साडूंना एकच शब्द पाठवला, 'ब्रेक्झिट?' दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. २०२५ ला बाझलमध्ये त्यांना परत प्रेक्षकांचं शून्य, ज्युरींचे मात्र ८८. राग असता तर ज्युरींना नसता का? आमचे त्या वर्षी पंधरावे, १५१ गुण, २००७ नंतर पहिल्यांदा जर्मन भाषेतलं गाणं. गाणारी बहीणभावंडं मात्र व्हिएन्नाची. आणि जिंकलं कोण, तर ऑस्ट्रिया! यावर हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा.

तुम्ही असंही विचारलंय की हे बघण्यासारखं आहे का आणि कुठे बघावं. बघा की. हॅम्बुर्गला रेपरबानवरच्या स्पीलबुडेनप्लाट्स चौकात कित्येक वर्षं मोठ्या पडद्यावर दाखवायचे, फुकट असायचं, गर्दी असायची, बीअर महाग; येणार असलात तर आता दाखवतात का ते आधी विचारून घ्या. तुमच्या शहराचं तिथल्या लोकांना विचारा. पण खरी मजा हवी असेल तर मे महिन्याची वाट बघू नका. देशातली निवडफेरी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, टीव्हीवर दाखवतात, आणि जर्मनीसाठी तुमचं मत चालतं ते तिथेच. २०२६ पासून हे काम एनडीआर या जर्मन सार्वजनिक प्रसारण संस्थेकडून एसडब्ल्यूआर या दुसऱ्या संस्थेकडे गेलंय, तेव्हा नवी माणसं काय दिवे लावतात ते बघू. तिथे मत न देणाऱ्या सहकाऱ्यानं मे महिन्यात राजकारणाबद्दल तोंड उघडलं तर त्याला सरळ विचारा, तू मार्चमध्ये फोन कोणासाठी केला होतास? आमच्या साडूंना हे विचारता येत नाही, कारण ब्रिटनचं गाणं बीबीसी बऱ्याचदा प्रेक्षकांना न विचारताच ठरवते. ते मात्र म्हणतात, हेसुद्धा ब्रेक्झिटमुळेच.